ऐकणारे जाते, बोलणारे यंत्र

१९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संगणक-प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारी. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. असे का होते? शेरी टर्कल यांचे ‘अलोन टुगेदर’ (२०११) याच प्रश्नाचा मागोवा घेते. आयबो हा यंत्र-कुत्रा, पारो हा यंत्र-सील यांच्याशी मुले आणि वृद्ध कसे वागतात, हे त्यांनी बारकाईने टिपले आहे. यंत्र सोबतीचा केवळ आभास देते, असे त्या म्हणतात.

निरीक्षणे मोलाची, पण बहुतांशी अमेरिकेतली. जपानमध्ये कोफुकुजी मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी झाले. त्याला नुसता ‘आभास’ म्हणून कसे चालेल?

आपल्याकडेही बायका पहाटे जात्याशी बोलत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या अशा लाखभर ओव्या जमवल्या. कित्येक ओव्यांत जात्यालाच देव म्हटले आहे. म्हणजे निर्जीव वस्तूपाशी दुःख सांगणे नवे नाही.

मग नवे काय? जाते उत्तर देत नसे. ऐकत असे ती जोडीने दळणारी बाई. आजचा यंत्र-सोबती स्वतःच उत्तर देतो, आणि त्याचा मालक तिसराच असतो. २०२३ मध्ये ‘रेप्लिका’च्या कंपनीने सोबत्यांचे वागणे बदलले, तेव्हा अनेकांना जिवलग गमावल्याचे दुःख झाले. आभास की खरे, यापेक्षा मालकी कोणाची, हा प्रश्न आम्हाला मोठा वाटतो. टर्कल यांच्या पुस्तकात तो मागे पडतो.

रावेरच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आजीकडे पाठवावे. एकच विचारावे : जात्यावर तू गायचीस, तेव्हा ऐकत कोण होते?