कुप्रसिद्धी आणि प्रतिमा : ‘सांगत्ये ऐका’च्या संदर्भात

बदनामीनेही नाव होतेच, असे चित्रपटव्यवसायात सर्रास मानले जाते. या समजुतीत प्रसिद्धी आणि प्रतिमा या दोन भिन्न संकल्पनांची गल्लत झालेली आहे. प्रस्तुत लेखात अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनाच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे.

अनंत माने यांच्या १९५९ मधील गाजलेल्या तमाशापटाचेच नाव हंसाबाईंनी आपल्या आत्मकथनाला दिले. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेल्या या कथनात मद्यासक्ती, संसारातील कलह आणि विवाहबाह्य संबंध यांची कबुली कोणतीही सारवासारव न करता येते. लोकांच्या कुजबुजीत केवळ निवाडा असतो. येथे त्यामागील जीवन उलगडते. कोवळ्या वयातच घरासाठी कमावू लागलेल्या मुलीची घुसमट कळल्यावर वाचक न्यायाधीश न राहता श्रोता होतो. कुप्रसिद्धीचे सहानुभूतीत रूपांतर होते ते येथे.

मात्र या रूपांतराचा लाभ कोणाला झाला? आत्मकथनावर आधारित श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा चित्रपट १९७७ मध्ये आला, तेव्हा हंसाबाई हयात नव्हत्या. त्यातील भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रतिमा उजळली, जिने ती बदनामी सोसली, तिचे आयुष्य मात्र तोवर सरले होते.

सारांश, कुप्रसिद्धी स्वतः कोणाला तारत नाही. ती कोण सांगते आणि केव्हा, यावर प्रतिमेचे भवितव्य ठरते. प्रतिमेच्या लाभालाच व्यक्तीचा लाभ समजणे ही समीक्षेचीही चूक ठरेल.