विमा-पॉलिसी : एक रसग्रहण

मराठीत समीक्षेचा दुष्काळ आहे असं कोणी म्हणू नये. आपल्याकडे कवितासंग्रह छापखान्यातून बाहेर पडायच्या आधी त्याचं परीक्षण तयार असतं. पण ज्याची प्रत घरोघरी आहे, जो दर वर्षी नव्याने निघतो, ज्याच्यासाठी वाचक आगाऊ पैसे मोजतो आणि जो कोणीही शेवटपर्यंत वाचलेला नाही, अशा एका महत्त्वाच्या ग्रंथाकडे अजून एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. मी मोटारीच्या विम्याच्या पॉलिसीबद्दल बोलतो आहे.

खोटं कशाला बोला, मीही ती वाचली नव्हती. २०२२ च्या जूनमध्ये आमच्या गाडीवर गुलमोहर पडला, तेव्हा मी ती प्रथम उघडली. दुःखात कोणी ज्ञानेश्वरी उघडतं, मी पॉलिसी उघडली.

गाडी म्हणजे आमच्या अण्णांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, घरात मात्र कायम ‘फियाट’. मूळची इटालियन फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होता होता तिचं नाव बदललं, पण सासरचं नाव आमच्या जिभेवर कधी बसलंच नाही. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्याच दांड्यावर, आणि पुढे अखंड बाक. त्या बाकावर अण्णा, आई आणि मधे एक मूल, मागे उरलेलं गोत, असे आम्ही कोकणात जात असू. अण्णांनी गाडीसाठी नंबर लावला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. गाडी आली तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या आणि मधल्या जागेवरचा माझा हक्क धाकट्या बहिणीकडे गेला होता.

अण्णा २००५ साली गेले. गाडीला ऊन लागू नये म्हणून ते ती ज्या गुलमोहराखाली उभी करत, त्याच्याखालीच मी ती उभी करत राहिलो. वडिलांची परंपरा चालवणं म्हणतात ते हेच. एका पहाटे, पावसाच्या पहिल्या सरीला, सगळी परंपरा टपावर आली.

असो. परीक्षणात वैयक्तिक दुःख आणू नये असा संकेत आहे. आपण ग्रंथाकडे वळू.

ग्रंथाचा कर्ता अज्ञात आहे. आज हाती असलेली संहिता बव्हंशी २००२ सालच्या अखिल भारतीय मोटार टॅरिफवरून आलेली आहे. सामान्य विम्याचा धंदा १ जानेवारी १९७३ ला सरकारजमा झाला, पुढे १९९९ च्या कायद्यानंतर त्यात खासगी कंपन्या पुन्हा आल्या. पण राज्यं बदलली तरी पोथी बदलली नाही. मी माझी, शेजाऱ्यांची आणि जावयांची अशा तीन कंपन्यांच्या तीन प्रती समोर ठेवून ताडून पाहिल्या. पाठभेद जवळजवळ नाहीतच. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला आमच्या पुण्यातल्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंतचा काळ लागला. माझं काम एका दुपारात, मधे चहा घेऊन, आटोपलं.

पहिल्या भागात संकटांची यादी आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. आग, स्फोट, वीज, घरफोडी, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड. एवढ्यावर लेखकाचं समाधान झालेलं नाही. गाडी रस्त्याने, रेल्वेने, जलमार्गाने, लिफ्टने, एलिव्हेटरने किंवा विमानाने नेताना काही झालं तरी भरपाई आहे. लिफ्ट आणि एलिव्हेटर यांतला फरक मला कळलेला नाही. बहुधा एक वर जाताना असेल, दुसरा खाली येताना.

लेखकाच्या कल्पनाशक्तीचा खरा आवाका मात्र भूगोलाच्या कलमात दिसतो. जास्त हप्ता भरला तर हे संरक्षण नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव इथपर्यंत वाढवता येतं. आमची गाडी कात्रजच्या घाटात दोनदा पाणी प्यायला थांबते. ती मालदीवला जाऊन तिथल्या समुद्रकिनारी बंद पडली आहे आणि आई खाली उतरून “जरा ढकला हो” म्हणते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्या दिवसात मी पहिल्यांदा हसलो.

पण या सबंध यादीत गुलमोहर नाही! मी तीनदा शोधला. शेवटी ‘बाह्य कारणाने झालेला अपघात’ या मोघम शब्दांत तो सापडला. झाड गाडीत आतून उगवलेलं नसल्यामुळे त्यावर दुमत होण्याचं कारण नव्हतं.

मूळ ग्रंथाला क्लेम फॉर्म नावाचं एक परिशिष्ट आहे. ते प्रश्नोत्तररूप असून संकट आल्यावरच वाचायला मिळतं. ‘अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग किती होता?’ मी लिहिलं, शून्य. ‘चालकाचं नाव?’ कोणी नाही. ‘चालक कुठे होता?’ झोपला होता. हे उत्तर मी नंतर खोडलं, कारण चालक झोपलेला असताना अपघात झाला असं लेखी देणं बरं नव्हे, असं हिने सुचवलं.

आता या ग्रंथातल्या रसाकडे येऊ. तो घसाऱ्याच्या तक्त्यात आहे. वार्धक्यावर इतकं थोडक्यात आणि इतकं निर्दयपणे क्वचितच कोणी लिहिलं असेल. सुटे भाग बदलावे लागले तर रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत कापायची. फायबरची तीस टक्के. लोखंड-पत्रा जसजसा जुना होईल तसतशी कपात वाढत जाते आणि दहा वर्षं उलटली की तोही निम्म्यावर येतो. फक्त काचेला कपात नाही. काच कधी म्हातारी होत नाही. ती एकतर असते नाहीतर फुटते. शेजारी दुसरा तक्ता सबंध गाडीच्या किमतीचा. सहा महिन्यांत पाच टक्के गेले, वर्षात पंधरा, दोन वर्षांत वीस, मग तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास.

आणि पाच वर्षांनंतर?

पाच वर्षांनंतर तक्ता गप्प होतो. त्यापुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावी, एवढंच एक वाक्य आहे. या किमतीला ‘आयडीव्ही’ म्हणतात. गाडी पार गेली तर जास्तीत जास्त एवढेच पैसे मिळायचे, तो हा आकडा.

आमच्या गाडीची पंचाईत अशी की ती धड कुठल्याच खान्यात बसत नव्हती. टॅरिफने ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी आधीच किंमत ठरवून घेण्याचं वेगळं कलम ठेवलं आहे, पण त्यासाठी गाडी १९४० किंवा त्याआधीची हवी. मोटार वाहन नियमांत २०२१ साली व्हिंटेजची वेगळी व्याख्या आली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. आमची चव्वेचाळीस वर्षांची. तरुण म्हणून तक्त्यात घेईनात आणि म्हातारी म्हणून मान देईनात. मी नुकताच निवृत्त झालो होतो, त्यामुळे तिची अवस्था मला फार लवकर समजली.

सर्व्हेअर आला तो तिशीतला मुलगा. मी भांडणाच्या तयारीने चष्मा पुसून बसलो होतो. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले, चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि नंबर उतरवून घेतला. टप सीटपर्यंत आला होता, पुढचे दोन्ही खांब वाकले होते. मग त्याने उघडणाऱ्या एकुलत्या एका दारातून आत हात घालून गिअरचा दांडा हलवून पाहिला आणि म्हणाला, “काका, कसली जपलीय हो! आयडीव्ही तीस हजार का ठेवलीत?”

मी म्हणालो, “कंपनीने ठेवली.”

“कंपनी एकटी नाही ठेवत. तुमची सही असते. अशा गाडीचे फोटो आणि व्हॅल्युअरचं सर्टिफिकेट दिलं असतं, तर वाढवून मागता आली असती. दिलीच असती असं नाही, पण मागायची तरी.”

रात्री मी जुन्या पॉलिस्या काढल्या. २०१० साली आयडीव्ही एक लाख वीस हजार होती. मग दर वर्षी एजंटचा फोन येई, “साहेब, तिसऱ्या पक्षाचा हप्ता ठरलेला असतो, त्याला हात लावता येत नाही. कमी करायचं तर इथेच. उतरवू का थोडी?” आणि दर वर्षी मी म्हणे, “उतरवा.” दोन-तीनशे रुपये वाचत. त्या आनंदात आम्ही बाहेर मसाला डोसा खात असू. बारा वर्षांत मी माझ्या वडिलांची गाडी मसाला डोशातून खाऊन टाकली होती.

आता हिशेब ऐका. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा अंदाज दिला पंच्याऐंशी हजार. खर्च आयडीव्हीच्या पंच्याहत्तर टक्क्यांहून जास्त झाला की गाडी गेली असं धरतात. त्याला ग्रंथात ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ असा शब्द आहे. सर्वनाशाला रचनात्मक म्हणणारा हा एकमेव लेखक. तीस हजारांतून सक्तीची कपात एक हजार. गाडी कंपनीला दिली तर एकोणतीस हजार मिळणार. ठेवून घेतली तर भंगाराचे बारा हजार वजा, म्हणजे सतरा हजार.

आईला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आपलीच गाडी आपण बारा हजारांना विकत घ्यायची?”

“तसंच काहीसं.”

“मग घे की. विचारतोस काय? ह्यांनी पाच वर्षं वाट बघून घेतली होती. तुला तर आजच्या आज मिळतेय.”

तेव्हा मला ग्रंथाचं मध्यवर्ती सूत्र समजलं. विम्याचं तत्त्व असं की अपघाताच्या आदल्या क्षणी तुम्ही जिथे होता तिथे तुम्हाला पैशाने नेऊन ठेवायचं. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. तत्त्व चांगलं आहे. पण आदल्या क्षणी आपण कुठे होतो ते आपणच आधी लिहून द्यावं लागतं. मी आगीवर, भूकंपावर, दरडीवर चोवीस पानं लिहिणाऱ्या त्या अज्ञात लेखकाला दोष द्यायला निघालो होतो. पण सबंध ग्रंथात वाचकाने भरायची अशी एकच जागा होती, आणि ती मी भरली होती, तीन आकडी बचतीसाठी.

लेखकाला अगदीच मोकळं सोडत नाही. ज्या आकड्यावर सगळं उभं आहे तो पहिल्या पानावरच्या चौकटीत, इंजिन नंबराच्या शेजारी, त्याच बारीक अक्षरांत बसवलेला आहे. ग्रंथ इंग्रजीत, आणि त्या इंग्रजीत एक वाक्य सुरू झालं की पूर्णविराम येईपर्यंत मालकाला पूर्वीचं काही आठवत नाही. पण मी बोलावं असंही नाही. बत्तीस वर्षं मी बँकेत होतो. कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून “इथे, इथे आणि इथे” असं मीच शेकडो लोकांना सांगितलं आहे. “काय लिहिलंय हो यात?” असं विचारणाऱ्या एका म्हातारबुवांना मी “काही नाही, नेहमीचंच” म्हणालो होतो. त्यांचा चेहरा मला त्या रात्री आठवला.

सतरा हजार आले. वरचे आम्ही भावंडांनी घातले. मागची काच आणि टपाचा पत्रा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे मिळाला. जिथे जन्मली तिथूनच तिला नवं अंग आलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा आमची पुन्हा रस्त्यावर येऊन चार महिने झाले होते. टपावर आईच्या डोक्याच्या वर अजून एक खळगा आहे. डेंटिंगवाल्याला तो काढता आला नाही. आई पुढच्या बाकावर बसते आणि गुळगुळीत रस्त्यावरही त्याला वरून हात लावून पाहते.

२०२८ साली गाडी पन्नाशीला येईल. त्यानंतर वीस हजार रुपये भरले की तिला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नवी पाटी मिळू शकेल. अट एवढीच की मग ती रोज चालवायची नाही. आईने विचारलं, “मग मान कशाचा?” या प्रश्नावर नियमांत काही सापडलं नाही.

दुरुस्तीनंतर नव्या पॉलिसीच्या वेळी एजंटचा फोन आला. मी फोटो दिले, सर्टिफिकेट दिलं, एक लाख मागितले, ऐंशीवर तुटलं. हप्ता वाढला. डोसा घरीच खाल्ला. आणि गाडी आता उन्हात उभी असते.

एकूण, ग्रंथ संग्राह्य आहे. छपाई बारीक, मुद्रणदोष नाहीत. किंमत दर वर्षी बदलते. मात्र तो झाड पडण्यापूर्वी वाचावा.