खिशातल्या चित्रवहीचे परीक्षण



आज परीक्षण ग्रंथाचे नाही, आपल्याच खिशातल्या चित्रवहीचे आहे. मोबाइल काढा आणि गेल्या वर्षभरातली छायाचित्रे चाळा. आपण कबनूरचे असाल तर त्यांत काय असेल, हे न पाहताही थोडेफार सांगता येते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्रीचा खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप. नृसिंहवाडीला पुराच्या पाण्यात गेलेल्या पायऱ्या. इचलकरंजीच्या कर्नाटकी बेंदराचे सजवलेले बैल. गावच्या उरुसाची रोषणाई. आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळला जाणाऱ्या दिंडीचे पुईखडीवरचे रिंगण.

यादी वाईट नाही. कामधंदा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून माणूस ही चित्रे काढतो. त्यातून मिळकत काही नसते. ही निरपेक्षता परमार्थाच्या जवळची आहे, म्हणून तिची थट्टा करू नये.

पण दोष सांगायला हवा. रिंगणाच्या चित्रात घोडा सापडतो आणि टाळकरी पुसट होतात. स्वर्गमंडपाच्या चित्रात छताचा गोल झरोका, चंद्र आणि वर धरलेले मोबाइल दिसतात. हात जोडलेला माणूस क्वचितच दिसतो. ही उणीव यंत्राची नाही, उभे राहण्याच्या जागेची आहे. चित्र काढायला आपण ओळीतून बाहेर पडतो आणि पुन्हा ओळीत यायचे विसरतो.

हौशी छायाचित्रकाराचे मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. उद्धव ठाकरे यांनी छंद म्हणून केलेल्या छायाचित्रणातून ‘पहावा विठ्ठल’ हे पुस्तक निघाले. आकाशातून पाहिलेली वारी त्यात आहे. वरून पाहिले की जनसागर किती अथांग आहे ते कळते. जमिनीवर चालणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. पण तेवढ्या उंचीवरून टाचेची भेग दिसत नाही. संदेश भंडारे यांच्या ‘वारी : एक आनंदयात्रा’ मध्ये वारकऱ्याचा सहवास आहे, वाटेवरचे साधे जगणे आहे. एकाने प्रवाह दाखवला, दुसऱ्याने थेंब. आपल्या मोबाइलला विमानाची उंची मिळणार नाही, पण माणसाजवळ जाणे आपल्या हाती आहे.

आपल्या कोल्हापुरानेच हे फार पूर्वी दाखवले. बाबूराव पेंटर यांनी 1918 च्या सुमारास इथे स्वतः कॅमेरा घडवला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलाल जोडीने पुढे प्रभातसाठी 1936 साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट केला. त्यात शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेणारे गरुडाचे विमान आहे. तेव्हाच्या मानाने ती करामत मोठीच होती. तरी पाहणाऱ्याच्या मनात घर करून राहते ती जिजाई, तिची म्हैस, तिची पोरे, तिचा त्रागा. चमत्कारापेक्षा संसाराचे चित्र अधिक टिकले.

आता पुन्हा आपल्या चित्रवहीकडे वळू. त्यात कांड्या भरणारी आई आहे का? यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारी वडिलांची बोटे आहेत का? पहाटे तुळशीला पाणी घालणारी आजी? बहुधा नाहीत. ती रोजचीच म्हणून राहून जातात. मग एक दिवस घरातले माणूस देवाघरी जाते आणि भिंतीवर लावायला फोटो शोधावा लागतो. दिंडीच्या घोळक्यातून कापून चेहरा मोठा करतात. कडेला दुसऱ्याचा अर्धा खांदा राहतो आणि नजर भलतीकडेच असते. शेकडो चित्रे काढणाऱ्या घरात आपल्या माणसाचे एक धड चित्र निघत नाही. याहून कठोर परीक्षण मी काय करणार?

वारकरी संप्रदायात तरी असे होऊ नये. गोरोबा चिखल तुडवताना, सावतोबा मळ्यात राबताना नाम घेत होते. त्यांच्या काळी कॅमेरा नव्हता, तरी त्यांचे रूप मनात आणले की हातातले काम सोबत येते. गाडगेबाबांची (1876–1956) छायाचित्रे तर आहेत. चिंध्यांचा तो वेष पाहताच खराटाही आठवतो. आपल्याकडे संताची ओळख कामाला सोडून नाही.

म्हणून एवढेच सुचवतो. दिंडीत आधी चार पावले चाला, टाळ वाजवा, मग चित्र काढा. ज्याचे चित्र काढाल त्याला आधी विचारा, त्याचे नाव जाणून घ्या आणि जमल्यास एक छापील प्रत हाती द्या. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या आयाबहिणींकडे कॅमेरा वळवू नका. तिथे तो खिशात असणे हीच भक्ती. आणि पुढच्या खिद्रापूरच्या फेरीआधी एक चित्र घरातच काढा. मागाची खडखड चालू असू द्या, घरच्या माणसाच्या हातातले काम चालू असू द्या. ‘इकडे बघा’ म्हणू नका. ते कामात असतील, तसेच असू द्या.

पुढल्या एकादशीला चित्रवही पुन्हा चाळा. त्यात आपले माणूस सापडले, तर परीक्षण पूर्ण झाले असे समजेन.