शिल्प की यंत्र? : अभिजात इटालियन मोटारींच्या सौंदर्यविचाराची चिकित्सा

न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयाने १९५१ साली आठ मोटारींचे प्रदर्शन भरविले. तुरिन येथील चिसितालिया या लहानशा कंपनीची ‘२०२’ ही मोटार त्यात होती. पुढे १९७२ मध्ये तिचा एक नमुना संग्रहालयाच्या कायम संग्रहात दाखल झाला. मोटार म्हणजे ‘चालते शिल्प’ ही कल्पना या प्रदर्शनामुळे प्रतिष्ठा पावली आणि इटालियन मोटारींविषयीचे पुष्कळसे लेखन आजही तिच्याच आधाराने होते. ही कल्पना या मोटारींचे सौंदर्य समजून घेण्यास कितपत पुरेशी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चिसितालियाचे रूप पाहताच संग्रहालयाची निवड पटते. पूर्वीच्या मोटारींत बॉनेट, मडगार्ड, दिवे हे अवयव सुटेसुटे दिसत. पिनिन फारिना यांच्या कारागिरांनी हातोडीने घडविलेल्या पत्र्यात ते सारे एका सलग पृष्ठभागात विरून गेले आणि बॉनेट मडगार्डांपेक्षाही खाली उतरले. मर्ढेकरांनी मांडलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांपैकी संवादाचा असा प्रत्यय क्वचितच येतो. मात्र या आवरणाखालील इंजिन होते फियाट ११०० या सामान्य कौटुंबिक मोटारीवरून घेतलेले, १०८९ घनसेंटिमीटरचे. त्याच कुळातील इंजिन मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीत होते आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून धावत होते. संग्रहालयातील कलाकृती आणि आपली टॅक्सी यांचे हे नाते ऐकून कोणी हसेल, पण ते खरे आहे. एवढ्या लहान इंजिनाला ही मोटार वेगाने ओढता आली, कारण तिचा सांगाडा पोकळ नळ्यांचा आणि अत्यंत हलका होता. प्रेक्षकाला मात्र तो दिसत नाही.

कांटने चर्च, राजवाडा, शस्त्रागार यांसारख्या वास्तूंचे सौंदर्य परायत्त मानले. कारण वस्तू कशासाठी आहे याची जाणीव तेथे आस्वादात आधीच गृहीत असते. मोटारीचे सौंदर्य याच वर्गातले आहे. या दृष्टीने पाहता माझ्या मते लान्चिया कंपनीची आउरेलिया बी-२० ही चिसितालियाहून अधिक परिपूर्ण कृती ठरते.

आउरेलिया १९५० मध्ये आली आणि तिची ‘बी-२०’ ही दोन दरवाजांची आवृत्ती १९५१ मध्ये. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेले व्ही-६ इंजिन प्रथम याच मोटारीत बसविले गेले. व्हित्तोरिओ यानो यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ यांनी सहा सिलिंडरांच्या संतुलनाचे गणित मांडले आणि दोन ओळींमधील कोन ६० अंशांचा ठरला. सहा सिलिंडर एका ओळीत मांडले असते, तर इंजिन लांब झाले असते. येथे ते आखूड झाले. क्लच आणि गिअरबॉक्स पुढच्या भागातून काढून मागील चाकांपाशी, डिफरन्शियलला जोडून बसविले गेले. मागचे ब्रेकही चाकांत न ठेवता त्याच्याच शेजारी आणले, म्हणजे स्प्रिंगांवर न पेलले जाणारे वजन घटले. वजन पुढे-मागे विभागले गेल्याने गाडी वळणावर स्थिर राहते. मर्ढेकरांचा ‘समतोल’ येथे अक्षरशः वजनकाट्यावर तोलता येतो, असे म्हटल्यास तो केवळ विनोद ठरू नये! वरून उतरत गेलेल्या छताच्या रेषेवर अलंकार जवळजवळ नाहीतच. १९५१ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत जोव्हान्नी ब्राक्को यांनी दोन लिटरहूनही किंचित लहान इंजिनाची ही मोटार दुसऱ्या क्रमांकावर आणली. पुढे होती ती दुप्पट मोठ्या इंजिनाची फेरारी. या परिपूर्णतेची किंमतही कंपनीने मोजली. खर्च पेलेनासा झाला, १९५५ मध्ये शर्यतींचा सारा सरंजाम फेरारीकडे गेला आणि लवकरच लान्चिया कुटुंबाच्या हातून कंपनीही गेली.

‘शिल्प’ म्हटले की शिल्पकार कोण, हा प्रश्न उभा राहतो. फेरारी २५० जीटीओच्या बाबतीत तो अवघड आहे. १९६२ ते १९६४ या काळात तीन लिटरच्या अवघ्या ३६ गाड्या झाल्या. जोत्तो बिझ्झारिनी यांनी काम आरंभिले, १९६१ मध्ये ते कंपनीबाहेर पडले, तरुण माउरो फोर्गिएरी यांनी ते पुरे केले आणि पत्रा घडविला मोदेना येथील स्काल्येत्तींच्या कार्यशाळेने. इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत ठेवल्यामुळे इंजिन खाली बसले, म्हणून नाक खाली आले. नाकावरील तीन झरोके हवामान पाहून झाकता येत. शेपटीवरचा उंचवटा आरंभीच्या गाड्यांवर स्क्रूने बसविलेला होता, नंतर तो पत्र्याचाच भाग झाला. ज्या रेषेचे आज कौतुक होते, ती अशी चाचण्यांतून दुरुस्त होत गेली. बोलोन्या येथील न्यायालयाने २०१९ मध्ये या मोटारीला कलाकृती म्हणून नक्कलेपासून संरक्षण दिले. आदल्याच वर्षी एका जीटीओला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले होते. त्या भावाने तिच्या सौंदर्याविषयी नवे काही कळत नाही.

शिल्पाची कल्पना आणखी एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ही उणीव अधिक गंभीर आहे. मिल्ले मिल्या ही ब्रेशिया ते रोम आणि परत अशी सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून होत असे आणि लोक रस्त्याच्या कडेला दाटीने उभे राहत. १२ मे १९५७ रोजी ग्विदिझ्झोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारी ३३५ एसचा टायर फुटला. पोर्तागो, त्यांचे सहकारी एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांपैकी पाच मुले होती. एन्झो फेरारी यांच्यावर खटला भरला गेला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष ठरले. त्या स्वरूपातील मिल्ले मिल्या पुन्हा झाली नाही. त्या मोटारीचा पत्राही मोदेनातल्या स्काल्येत्तींच्याच कार्यशाळेत घडला होता.