जपानी शब्दाभ्यासाची संगणकीय साधने : एक विचार

जपानी भाषेच्या अभ्यासकास सर्वाधिक श्रम पडतात ते कांजीचे, म्हणजे चिनी उगमाच्या चिन्हांचे. जपान शासनाने २०१० साली सुधारलेल्या नित्योपयोगी कांजींच्या यादीत अशी २१३६ चिन्हे आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचे उच्चार एकाहून अधिक आहेत. हे ओझे हलके करणाऱ्या दोन साधनांचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले साधन ‘आन्की’. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ साली प्रसिद्ध केले. या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर. कार्डाच्या एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. उत्तर आठवले तर ते कार्ड अधिक दिवसांनी समोर येते, न आठवले तर लवकर. दुसरे साधन म्हणजे जिम ब्रीन यांनी १९९१ साली ऑस्ट्रेलियात आरंभिलेला जपानी-इंग्रजी कोश. तो सर्वांस खुला असल्यामुळे आजच्या कित्येक संगणकीय कोशांच्या मुळाशी तोच आहे.

या साधनांचे उपकार मान्य करूनही एक प्रश्न उरतो. कार्डाच्या पाठीवर अर्थ कोणत्या भाषेत लिहिलेला असतो? मराठी विद्यार्थ्याच्या कार्डावर तो बहुधा इंग्रजीत असतो. जपानीत सदरा घालणे म्हणजे ‘किरु’, विजार वा पायमोजे घालणे ‘हाकु’, तर टोपी घालणे ‘काबुरु’. इंग्रजीत या तिहींस ‘वेअर’ हे एकच क्रियापद पुरते. कोशात त्यापुढे खुलासा असतो खरा. परंतु कार्डावर उतरताना तो सहज गळून पडतो. वस्तुतः ज्याच्या भाषेत लुगडे नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात आणि पागोटे बांधतात, त्यास असा भेद परका नाही. दोन्ही भाषांतील भेदाच्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत. तथापि भेद करण्याची सवय समान आहे, आणि इंग्रजीच्या मध्यस्थीत नेमकी तीच वाया जाते.

कांजींच्या उच्चारांविषयीही हेच म्हणता येईल. पाण्याचे चिन्ह एकटे असता ‘मिझु’ असे वाचतात, तर नळाचा पाणीपुरवठा या अर्थाच्या ‘सुइदो’ या समासात त्याचाच उच्चार ‘सुइ’ होतो. एरवी ‘पाणी’ म्हणणारा मराठी भाषक ‘जलाशय’ म्हणताना ‘जल’ योजतो. देशी व आगत शब्दांची ही विभागणी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजी कार्ड मात्र त्यास दोन असंबद्ध ध्वनी घोकावयास लावते.

तेव्हा उणीव आहे ती उजळणीच्या यंत्रणेत नव्हे, तर तिच्यात घातलेल्या अर्थांत. ब्रीन यांच्या कोशाची सामग्री, श्रेय नमूद करून व आपले कामही त्याच अटींवर खुले ठेवून, कोणासही वापरता येते. इंग्रजी प्रतिशब्द जेथे बोथट ठरतो अशा क्रियापदांपासून मराठी अर्थ देण्यास आरंभ करावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका सत्रात पेलेल असे हे काम असून त्याचा लाभ पुढील प्रत्येक वर्गास होईल.