टायटिन आणि त्याचे सोबती

स्नायूच्या आकुंचनाचे एकक म्हणजे सार्कोमिअर, आणि त्याच्या कडेच्या झेड-चकतीपासून मध्यावरच्या एम-रेषेपर्यंत सलग पसरलेला एकच रेणू म्हणजे टायटिन. मानवी टायटिनच्या प्रमाणभूत साखळीत ३४,३५० अमायनो आम्ले आहेत. एवढे मोठे दुसरे प्रथिन मानवी शरीरात नाही. पण या विराटपणाने दिपून जाण्याआधी आपण त्याच्या टोकाशी जरा रेंगाळू या.

झेड-चकतीत टायटिनच्या दोन रेणूंची टोके एकमेकांजवळ येतात, आणि टेलिथोनिन नावाचे एक चिमुकले प्रथिन मधोमध बसून दोघांनाही सारख्याच रीतीने धरते. २००६मध्ये ही स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात विलोमपदाची सममिती दिसली: डावीकडून वाचा वा उजवीकडून, रचना तीच! एकट्या टेलिथोनिनला स्थिर घडी नसते. टायटिन भेटले की मगच ते आकाराला येते. आणि ही मिठी विलक्षण मर्मज्ञ आहे. स्नायू ज्या दिशेने ताणतो त्या दिशेला ती अतिशय चिवट, इतर दिशांना मात्र सैल.

तिथून पुढे सरकावे तसा टायटिनचा स्वभाव पालटत जातो. आधी अल्फा-ॲक्टिनिनशी बांधिलकी. मग लवचिक पट्टा, जिथे ओळीने गुंफलेल्या इम्युनोग्लोब्युलिन घड्या ताणाबरोबर सरळ होतात आणि त्यांच्यालगतचा प्रोलिनबहुल भाग उलगडत जाऊन स्नायूला पुन्हा मूळ लांबीकडे ओढतो. त्यानंतर मायोसिनचा प्रदेश. इथे अकरा घड्यांचे एक आवर्तन अकरा वेळा येते, आणि प्रत्येक आवर्तनाची सुमारे ४३ नॅनोमीटरची लांबी मायोसिन-तंतूच्या स्वतःच्या आवर्तनाशी तंतोतंत जुळते. दोन निराळ्या प्रथिनांनी एकच लय धरावी, याहून सुरेख संगत कोणती? अखेरीस एम-रेषेवर मायोमेसिन आणि ऑब्स्क्युरिन त्याचे दुसरे टोक सांभाळतात.

अशा रीतीने एकच साखळी कुठे नांगर होते, कुठे स्प्रिंग, तर कुठे मोजपट्टी. आणि प्रत्येक भूमिकेत तिला साथ देणारा सोबती वेगळा. हृदय रक्ताने भरताना किती ताणावे आणि किती आवरावे, हेही बऱ्याच अंशी टायटिनच्या लवचिकतेवर ठरते. म्हणूनच त्याच्या जनुकातले साखळी अर्धवट तोडणारे दोष हे हृदय फुगून दुबळे होण्याच्या विकाराचे एक प्रमुख आनुवंशिक कारण आहे.

तेव्हा सार्कोमिअरच्या आकृतीत आपल्याला ॲक्टिन आणि मायोसिन असे दोनच तंतू दिसले, तर झेड-चकतीपासून एम-रेषेपर्यंत तिसरी रेघ आपल्या हाताने जरूर ओढावी.