मधला माणूस : ‘सामना’ आणि आजचा बीड जिल्हा

विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. त्यास आता पन्नास वर्षे उलटली. साखर कारखान्याच्या बळावर साऱ्या परिसरावर सत्ता गाजविणारे हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि कोठून तरी भरकटत आलेले, दारूच्या आहारी गेलेले गांधीवादी मास्तर (डॉ. श्रीराम लागू) यांच्यातील हा झगडा. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच मास्तर विचारीत राहतात आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावांच्या साम्राज्याला तडे जातात. मराठी रसिकांनी तो प्रश्न इतका आपलासा केला की तो वाक्प्रचारासारखा रूढ झाला. बीड जिल्ह्यात २०२३ पासून जे घडत आले ते ध्यानी घेऊन हा चित्रपट पुन्हा पाहिला असता त्याचे सामर्थ्य जाणवते, तशी त्याची एक उणीवही जाणवते. त्या उणिवेविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

प्रथम सामर्थ्याविषयी. मास्तरांचे गावात ना भावबंद, ना मतदार. त्यांच्या प्रश्नामागे कोणताही गट उभा नाही आणि म्हणूनच तो प्रश्न हळूहळू साऱ्या गावाचा होऊ शकतो. तेंडुलकरांच्या लेखणीचे हे मर्म आहे. सत्याला आवाज लाभावा, पण पक्ष चिकटू नये, ही किमया त्यांनी साधली आहे.

आता पडद्यावरून बीडकडे वळू. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण खून करण्यात आला. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार या प्रकरणाचे मूळ पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीत आहे. खुनाच्या तीन दिवस आधी पवनचक्कीच्या आवारात गावच्याच एका दलित सुरक्षारक्षकास मारहाण झाली आणि देशमुख तेथे मध्ये पडले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. त्याविषयी आम्ही मत देत नाही. आम्हांस अस्वस्थ करते ते हे, की भांडणात मध्ये पडणाऱ्या माणसाच्या मृत्यूचा प्रश्नही फार काळ सर्वांचा राहिला नाही. २८ डिसेंबर रोजी बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला खरा. परंतु त्याच वेळी मृताचा समाज कोणता आणि आरोपींचा कोणता, ही चर्चा मूळ प्रश्नाच्या पुढे धावू लागली होती. येथे मास्तर असते तर प्रश्न ऐकण्याआधी लोकांनी त्यांचे आडनाव विचारले असते.

हे एका दिवसात घडले नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, बीड व माजलगाव येथे लोकप्रतिनिधींची घरे पेटविण्यात आली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला आणि एवढ्या निसटत्या निकालानेही मराठा आणि ओबीसी अशी दरी अधिकच रुंदावली. २०२५ च्या आरंभी तर जिल्हा पोलीस दलाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या नामफलकावरून आडनावे काढून केवळ नाव ठेवण्याचा मार्ग पत्करला. हेतू चांगला होता. पण ज्या जिल्ह्यात शिपायाचे आडनाव झाकावे लागते, तेथे आजार किती खोल गेला असेल!

हा आजार या मातीचा उपजत नव्हे. याच बीडने १९६७ साली साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठविले होते. ज्यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली, त्या परजिल्ह्यातल्या माणसाला ही पसंती होती.

येथेच ‘सामना’ची उणीव उघडी पडते. शीर्षकच सांगते की संघर्ष म्हणजे दोघे समोरासमोर. एक सत्तेचा, एक विवेकाचा. आणि गाव बव्हंशी प्रेक्षक. वाद ऐकून घेणारा, दोन्ही बाजूंना एका सतरंजीवर बसविणारा मधला माणूस या कथेत नाही. एकट्या माणसाच्या सदसद्विवेकावर सारा भार टाकण्याची ही सवय आपल्या बऱ्याच साहित्यात दिसते. नाट्य त्याने उत्तम रंगते. पण मास्तर निघून गेल्यावर गावाने काय करावे, याचे उत्तर मिळत नाही.

ते उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. बीडमधून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडणीस जातात. त्यांच्या मजुरीचा तंटा संप आणि लवाद या मार्गाने सुटत आला आहे. मजुरांच्या बाजूने अनेक वर्षे गोपीनाथ मुंडे आणि त्यांच्या पश्चात पंकजा मुंडे, तर समोर साखर कारखाना संघाचे प्रतिनिधी. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ ठरली ती अशीच समोरासमोर बसून. कोण बोलणार हे ठाऊक, मागणी आकड्यांत मांडलेली, कराराला मुदत. लवादाचे हे तीन गुण आहेत. त्याचा दोषही सांगितला पाहिजे. तो पुढाऱ्याच्या वजनावर उभा असतो आणि पुढारीच जेव्हा एका समाजाचा गणला जातो, तेव्हा ते वजन साऱ्यांना चालत नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राबविलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेपुढेही हीच अडचण होती. समिती ज्या गटाची, न्याय त्याच गटाचा, हा संशय एकदा शिरला की पारितोषिकाचा फलकही तो पुसू शकत नाही.

म्हणून मधला माणूस नुसता भला असून भागत नाही. तो दोन्ही बाजूंनी निवडलेला असावा लागतो. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात परिसराची शांतता बिघडविणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीची कल्पना मांडली आहे, ती या दृष्टीने मोलाची. अर्थात, बांध, पाणी, मिरवणुकीचा मार्ग, दुकानावरचा बहिष्कार हे मध्यस्थीचे विषय, खून नव्हे. तेथे तडजोड म्हणजे मृताचा दुसरा वध. मारुती कांबळेचे काय झाले, हे न्यायालयातच आणि शेवटपर्यंत विचारले गेले पाहिजे.

आमचे वाचक बीडपासून दूर असतील. पण माणसाचे म्हणणे ऐकण्याआधी तो कोणाचा, हे पाहण्याची खोड आपल्या घरांत आणि धर्मग्रामाच्या सभांतही नाही काय? ‘सामना’ जरूर पाहावा. मुलांना सोबत घेऊन पाहावा. चित्रपट संपल्यावर मास्तरांची वाहवा करून उठू नये. या गावात दोन्ही बाजू ज्याच्याकडे विश्वासाने गेल्या असत्या असा एक तरी माणूस होता का, आणि नसेल तर तो घडविण्याचे काम कोणाचे होते, याचा मुलांशी थोडा वेळ विचार करावा. तेंडुलकरांनी न लिहिलेला तो प्रवेश लिहिण्याची पाळी आता आपली आहे.